मिनलताईने कधीही यावे, याबद्दल

मी, धम्मरत्न जयसिंग ओव्हाळ, वय सत्तावीस, राहणार आकुर्डी, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे; दुखणं मांडीच्या हाडात होतं, आता फुप्फुसात गेलंय. कोणी धमकावलेलं नाही, कोणी पाजलेली नाही. आधीचं मृत्युपत्र नाही. दहावीनंतर मी कुठलंच काम पुरं केलेलं नाही, एवढं करतो.

एक. माझी मोटारसायकल मित्र सयाजीला द्यावी. तिच्यावरून मी गोकर्णला गेलो, होसूरला गॅरेजात राहिलो, कच्छमध्ये एका ढाब्यावर कांदे चिरले. तिथला मालक चाकणच्या कांद्याला नावं ठेवायचा, त्यावरून भांडणच झालं... असो, विषय सुटला. माझा तंबू सयाजीने नेला तो परत दिला नाही. तोही त्यालाच दिला असं समजावं. राग मात्र कायम आहे.

दोन. पीएफ आणि बँकेत असेल ते माझी आई कस्तुरा हिला.

तीन. आकुर्डीचं घर पप्पांनी माझ्या नावावर केलं होतं. ते मी माझी थोरली बहीण मिनल सिद्धेश रोकडे हिला एकटीला देत आहे. आईने हयात असेपर्यंत तिथेच राहावं. दाजींचा, म्हणजे सिद्धेशचा, त्यावर कसलाही हक्क नाही. दाजींना माझ्याकडून काहीच नाही.

कारण लिहिलं पाहिजे.

चाकणच्या कंपनीत माझा इंटरव्ह्यू होता तेव्हा ताईने इंग्रजी शिकवलं. म्हणाली, "धम्मा, सगळ्याला ओके-ओके करू नकोस. टॉलरेबल, बेअरेबल, अ‍ॅक्सेप्टेबल, पासेबल, मॅनेजेबल, किती शब्द आहेत बघ."

"इंग्रजांना एवढं काय सहन करायला लागलं गं?"

"त्यांनी कुठं केलं? करायला लावलं."

खूप हसलो होतो. नोकरी लागली, तपासणीत. तिथे नियम असा, की पार्टबद्दल शंका आली की तो लाल पेटीत बाजूला ठेवायचा, पुढे पाठवायचा नाही. सुपरवायझर कितीही ओरडला तरी.

ताईचं लग्न झालं. फोन आला की तिकडून स्पीकर चालू असायचा, दाजींचा खोकला ऐकू यायचा. कशी आहेस विचारलं की ताई म्हणायची, "टॉलरेबल." पुढच्या वेळी "मॅनेजेबल." आईने एकदा विचारलं, "त्याचं मराठीत काय?"

"सहन होण्यासारखं."

आई म्हणाली, "म्हणजे आहे काहीतरी सहन करायला."

तरी उन्हाळ्यात ताई बॅग घेऊन आली तेव्हा आईनेच चहा पाजून विचारलं, "परत कधी जाणार?" संध्याकाळी दाजी आले, गोड बोलले. आई म्हणाली, "थोडं सांभाळून घे बाळा, लोक विचारतात." ताईचं मनगट सुजलेलं होतं. मी म्हणालो, ताई, जाऊ नकोस. ती म्हणाली, "बेअरेबल आहे रे," आणि गाडीत बसली.

आता हॉस्पिटलात डॉक्टर रोज विचारतात, पेन कसं आहे? आई शेजारी असते म्हणून मी म्हणतो, "टॉलरेबल." तोंडातून आपोआप येतं. हा शब्द कधी वापरतात ते मला इथे कळलं.

चार. ताईने आकुर्डीच्या घरात कधीही यावं, कितीही राहावं. कारण सांगू नये. "परत कधी जाणार" हे तिला तिथे कोणीही विचारू नये, आईने तर नाहीच.

कोंडीरामकाका, आमचे शेजारी, युनियनमध्ये कागदपत्रं करायचे, ते म्हणाले, "भावा, असली अट कोर्टात टिकत न्हाई."

"कोर्टासाठी नाही काका, आईसाठी आहे."

"मग आईला वाचून दाखव."

दाखवलं. चौथं कलम ऐकून आई ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "तिचं राहू दे. तुला किती दुखतंय ते आधी सांग. खरं सांग."

मी म्हणालो, "सहन होत नाही, आई."

आई उठली, बाहेर गेली, तिथून ताईला फोन लावला. स्पीकर असेल तर असू दे, असं म्हणून मोठ्याने म्हणाली, "मिनल, तुझे कपडे घेऊन ये. धम्माला नाही सोसत, मलाही नाही सोसत."

ताई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आई अजून जिन्यात उभी आहे.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली. यातलं काहीही त्यांना मिळणार नाही.

धम्मरत्न जयसिंग ओव्हाळ (सही)

साक्षीदार:
१. कोंडीराम काळोखे, शेजारी (सही)
२. सोनल पवळे, परिचारिका (सही)

ठिकाण: आकुर्डी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५