बॉल आत का जात नाही

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आजपासून रोज नोंद ठेवायची. पुढेमागे पुरावा लागणार आहे.
काल प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, कॉलेजची बास्केटबॉल टीम तुमच्याकडे येऊन तीन वर्षं झाली, तिन्ही वर्षं पहिल्याच मॅचला घरी. या महिन्यात गुहागरला झोनल स्पर्धा आहे. फायनल गाठली नाही तर टीम दमयंती मॅडमकडे. मॅडम शारीरिक शिक्षणाच्या. मी राज्यशास्त्राचा. म्हणजे त्यांना खेळाचं फक्त शरीर माहीत.
फायनल नक्की, असा शब्द दिला. प्राचार्य हसले. का हसले, याचा शोध घ्यायचा.

३ नोव्हेंबर, सायं. ७.००
रोग सापडला. आमच्याकडे पोस्टला बाबल्या आहे. सहा फूट चार इंच. पूर्णगडचा, रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, घरची होडी, लहानपणापासून जाळी ओढलेली. त्याच्या पंजात बॉल मोसंब्याएवढा दिसतो. पोस्ट म्हणजे रिंगजवळ उभा राहणारा गडी. त्याला बॉल द्या, बास्केट घ्या. शेंबडं पोरही सांगेल.
पण बॉल असतो गार्डांच्या ताब्यात. अजिंक्य, राहणार मिरजोळे. हितेश, वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान. दोघे बाहेरच्या बाहेर ड्रिबल करतात, एकमेकांना पास देतात, लांबून मारतात आणि चुकवतात. बाबल्या रिंगखाली उभा. हात खाली, मान खाली. शोषिताची देहबोली मी पुस्तकांत वाचली होती, आज डोळ्यांनी पाहिली.
पूर्ण सरावात बॉल एकदाच आत गेला. मी तिथल्या तिथे शिट्टी मारून खेळ थांबवला आणि घडलं त्याचं महत्त्व सांगितलं. सत्ता हातात असलेल्याने ती आपणहून सोडली, असे प्रसंग इतिहासात मोजके. पंचवीस मिनिटं बोललो. मुलं निश्चल. मग अंधार पडला.

५ नोव्हेंबर
मोजदाद. अजिंक्यकडून हितेशला पास : ६१. बाबल्याला पास : १.
तोही सुजयने दिला. सुजय एफवायचा, सोमवारी टीममध्ये आलेला. त्याच्यापर्यंत कट पोचला नसावा. मी शिट्टी मारली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या नैतिक धैर्यावर वीस मिनिटं बोललो. त्यानंतर अजिंक्यने त्याला नळापाशी नेऊन काहीतरी सांगितलं. सुजयने मान डोलावली. मग त्यानेही बॉल आत टाकला नाही.
असं धैर्य विझतं.

७ नोव्हेंबर
सांकेतिक भाषा सापडली. हितेश दोन बोटांनी डाव्या मनगटावर टकटक करतो. अजिंक्य मान हलवतो आणि बॉल बाहेरच फिरवतो. हितेश घड्याळ वापरत नाही, हे मी खात्री करून घेतलं आहे. वेळ दरवेळी सहाच्या आसपास. कटाच्याही वेळा ठरलेल्या असतात.
संकल्प : कुणावरही विश्वास ठेवायचा नाही. (सौ. म्हणाली, मग डब्यात मी काय देते तेही तपासणार का. तिला गांभीर्य नाही.)

१० नोव्हेंबर
सरावानंतर पाळत ठेवली. अजिंक्य, हितेश, बाबल्या, तिघे एसटी स्टँडवर. मी रसवंतीच्या फळ्यामागे उभा राहिलो. रसवंतीवाल्याने दोनदा विचारलं, फुल की हाफ. शेवटी हाफ घेतला, नाहीतर उघडा पडलो असतो.
पाहिलेलं जसंच्या तसं : बाबल्या धावत आला. अजिंक्य आधीच पुढे पोचून पूर्णगडच्या गाडीच्या दारात एक पाय ठेवून कंडक्टरशी गोड बोलत होता. बाबल्या चढला. चढताना त्याने अजिंक्यच्या हातात कागदात गुंडाळलेलं पुडकं दिलं. गाडी सुटली. पुडक्याचा वास माझ्यापर्यंत आला. सुके बांगडे.
म्हणजे ज्याला बॉल मिळत नाही, तोच बॉल न देणाऱ्याला खंडणी पोचवतो. आणि वर हे लोक त्याला गाडीत बसवून गावाबाहेर घालवतात.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, त्या मुलालाच विचार की. तिला समजावलं की दबावाखालचा साक्षीदार कधी खरं बोलत नाही. ती म्हणाली, विचारून तर बघ, पण विचारल्यावर गप्प बस. या वाक्याचा रोख कळला नाही.

१३ नोव्हेंबर
बाबल्या दुपारी स्टाफरूमच्या दाराशी आला. सर, एक बोलायचं होतं, म्हणाला. मी ओळखलं, अन्याय असह्य झाला. त्याला बसवलं आणि त्याच्या परिस्थितीचं विश्लेषण करून दिलं. तासाची बेल झाली. जाताना त्याचा चेहरा हताश होता. म्हणजे विश्लेषण नेमकं बसलं.

१४ नोव्हेंबर
वटहुकूम काढला : प्रत्येक चढाईत किमान एक पास पोस्टला. सक्ती.
५.०५ : पहिलाच पास आत. बाबल्याने उडी न मारता बॉल रिंगमध्ये ठेवला. मला भरून आलं. शिट्टी. बाहेरचे आणि आतले यांच्या समतोलाशिवाय संघही टिकत नाही आणि राष्ट्रही, हा मुद्दा मांडला.
५.५० : दुसरा पास आत. शिट्टी. उपसंहार.
६.२० : उपसंहार ऐन रंगात असताना बाबल्या बॅग उचलून पळाला. भावना अनावर. दुसरं कारण दिसत नाही.
आज एकूण खेळ : अंदाजे अकरा मिनिटं. दर्जा महत्त्वाचा.

१८ नोव्हेंबर, गुहागर
उद्घाटनाचे पाहुणे आलेच नाहीत. आयोजक घाबरे. अजिंक्य स्वतः त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, आमचे सर बोलतील, कितीही वेळ बोलतील. प्रथमच त्याच्याबद्दल बरं वाटलं. मग लगेच संशय आला. पण माईक समोर होता.
सभागृहात पंचावन्न मिनिटं बोललो. श्रोते पुढे पुढे विरळ होत गेले. दारं उघडी होती, समुद्राचा वारा फार.
बाहेर आलो तर आमची मॅच संपलेली. आम्ही ४८, ते २९. एकट्या बाबल्याचे २६. मी गुणलेखकाची वही मागून तपासली. खाडाखोड नव्हती.
अन्वयार्थ : माझ्या गेल्या पंधरवड्याच्या मेहनतीला फळ आलं. नेमकं मी नसताना यावं, हा योगायोग. उद्या सेमीफायनल. जिंकलो की फायनल. दमयंती मॅडमनी लेझीम बसवावी.

१९ नोव्हेंबर, सकाळी ९.३०
हितेश येऊन म्हणाला, शेजारच्या शाळेत मुलांना मार्गदर्शन हवं आहे, हेडमास्तर तुम्हालाच बोलवताहेत. हेडमास्तरांना फोन लावला. त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं. सापळा! मला मैदानापासून दूर ठेवून हे मॅच विकणार. आज बेंचवरून हलायचं नाही.

१९ नोव्हेंबर, सायंकाळी, परतीच्या गाडीत
आधी वस्तुस्थिती. पहिल्या क्वार्टरला आम्ही नऊने पुढे. अजिंक्य आत टाकत होता. हितेशही आत टाकत होता. बाबल्यावर दोघे धावून आले की तो बॉल बाहेर देई आणि हितेश मोकळा मारी. आत, बाहेर, आत. मी पंधरवडाभर जे सांगितलं तेच, फक्त कुणी सांगत नव्हतं.
दुसऱ्या क्वार्टरमध्ये अजिंक्यने पाठीमागून असा पास दिला की मला राहवलं नाही. शिट्टी मारली.
मॅच चालू होती, हे लक्षात राहिलं नाही. खेळाडू थांबले, बाबल्या बॉल धरून उभा राहिला. पंचांनी मला टेक्निकल फाउल दिला. समोरच्यांना एक फ्री थ्रो.
शेवटचं मिनिट. बरोबरी. मी टाइमआउट घेतला. टाइमआउट एक मिनिटाचा असतो. माझं एका मिनिटात प्रास्ताविकही होत नाही. पंचांनी दोनदा बोलावलं. मी त्यांना म्हणालो, विचार पूर्ण होऊ द्या. दुसरा टेक्निकल. मला बाहेर काढलं. आणखी एक फ्री थ्रो. तोही आत गेला.
आम्ही ४१, ते ४२.
पंचांच्या पूर्वग्रहावर चार पानं लिहायला घेतली आहेत.

तीच तारीख, संगमेश्वर गेल्यावर
चार पानं लिहिली नाहीत. सरळ मागच्या सीटपाशी गेलो आणि अजिंक्यला विचारलं, इतके दिवस बॉल आत न टाकण्याचा हुकूम कुणाचा होता. कॉलेजचा माणूस की बाहेरचा.
हितेश म्हणाला, जाऊ दे ना सर. मग सुजय चुकून बोलून गेला, बाबल्यानंच सांगितलंन होतं.
बाबल्या उठून उभा राहिला. डोकं गाडीच्या टपाला लागलं.
“सर, रागवू नका हां. बॉल माझ्याकडे आला की तुम्ही शिट्टी मारता. मग वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. माझी साडेसहाची गाडी जाते. मागून सुटते ती पावस गावापर्यंतच, तिथून पुढे चालत. पहाटे बापाशीबरोबर होडीवर जायचं असतं. म्हणून मीच ह्यांना म्हटलं, सरावाला मला बॉल देऊ नका.”
मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस.
“आलो होतो की स्टाफरूमला. तुम्ही बोलत होतात.”
गाडीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, कोण ते लिहून ठेवता आलं असतं.
अजिंक्यने पाण्याची बाटली पुढे केली. प्यालो. जागेवर येऊन बसलो. रत्नागिरी येईपर्यंत बोललो नाही. सुजयने दोनदा वळून पाहिलं, मला बरं नाही की काय म्हणून.

२१ नोव्हेंबर
प्राचार्यांनी पत्र दिलं. टीम दमयंती मॅडमकडे. माझ्याकडे वक्तृत्व मंडळ. मंडळात सध्या दोन सभासद, पैकी एक माझी पुतणी.
किल्ली आणि शिट्टी मॅडमकडे दिली. मॅडम म्हणाल्या, किल्ली पुरे, शिट्टी ठेवा. या वाक्यावर संशय घ्यायला हरकत नव्हती. घेतला नाही.

२५ नोव्हेंबर, सायं. ५.४०
मैदानावरून घरी आलो. म्हणजे मैदानाच्या कडेने. थांबायचं नाही, असं ठरवलं होतं. कुंपणाच्या जांभ्या दगडाच्या गडग्यापाशी दोन मिनिटं थांबलो.
मॅडम खुर्चीत बसून हजेरी लिहीत होत्या. खेळ चालू. बॉल आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. कुणी काही म्हणालं नाही.
बाबल्या रिंगखाली माझ्याकडे तोंड करून उभा होता. त्याने हात वर केला, अगदी सरळ. मला कसंतरीच झालं. मीही हात वर केला.
तो बॉल मागत होता.