एका खोकल्याबाबत आणि बाकी मालमत्तेबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी (आता बंद), पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. पुतण्याला तो पटलेला नाही, पण पुतण्याला विचारतो कोण.

१. पुस्तके दाबायचा शिकंजा, कातऱ्या आणि खळीची भांडी मागच्या गल्लीतल्या छापखान्याच्या मालकीणबाईंना द्यावीत. तीस वर्षे त्यांनी माझे काम नावाजले आणि मला कधी बसा म्हटले नाही. असेच संबंध टिकतात.

२. भर मैफलीत ध्वनिमुद्रित झालेल्या सिम्फनींचे एकशे चौदा बॉक्स सेट सार्वजनिक वाचनालयाला द्यावेत. पुतण्याला एकही नाही. "काका, हे सगळं फोनवर फुकट मिळतं," असे तो म्हणाला होता. त्याने फोनवरच ऐकावे.

३. राहते घर मेहुण्यांना, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीच्या धाकट्या भावाला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघे एका मैफलीला गेलो होतो. तिसऱ्या भागात सगळी वाद्ये अगदी हळू होत जातात, नेमकी तिथे पत्नी खोकली. ती मैफल पुढे बॉक्स सेटमध्ये आली, खोकल्यासकट. हा खोकला काढा म्हणून मी कंपनीला तीन पत्रे पाठवली. खोकला कोणाचा, ते मला पक्के ठाऊक होते. नव्या आवृत्तीत त्यांनी तो काढला आणि माझे आभार मानले. ते आभारपत्र मी पत्नीला मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवले. ती "बरं झालं" म्हणाली आणि पुन्हा कधीही माझ्याबरोबर सभागृहात आली नाही. जुना सेट मी अडगळ म्हणून मेहुण्यांना देऊन टाकला.

ती गेल्यावर सारे घर धुंडाळले. तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही.

सेट परत मागायला गेलो तेव्हा मेहुणे दारातच म्हणाले, "भाऊजी, तुम्ही तिला धड खोकूसुद्धा दिलं नाहीत. आता काय मागता?" मी रिकाम्या हातांनी परत आलो.

घराला कोणतीही अट नाही. तो सेट त्यांच्याकडेच राहावा. मी गेल्यावर त्यांनी तो एकदा लावावा, आणि ती जागा आली की आवाज वाढवावा.

सही: (स्वहस्ते)
साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर. २. वरच्या मजल्यावरच्या पियानो शिक्षिका. मजकूर वाचून सही केली.
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ४ नोव्हेंबर, मंगळवार