मंजुषाची ओटी

आई,

मंजुषा बरी झाली. हे वाक्य तू वाचलंच नाहीस असं समज. मी ते बोललोच नाही, असं मीही समजत होतो.

दर गुरुवारी मी ऑफिसला जात नाही. दवाखान्यात जाऊन किमोच्या वॉर्डाबाहेर आमच्या नेहमीच्या बाकड्यावर बसतो. मंजुषाची किमो गुरुवारीच असायची; ती गेल्यावरही जातोय. तिथं देवगाव रंगारीच्या सखूमावशी असतात, त्यांच्या नवऱ्यालाही कॅन्सर आहे. त्यांनी विचारलं, "मंजुषा दिसंना, कशी हाय?" माझ्या तोंडून निघालं, "झकास. दोन भाकरी खाते." मावशी रडल्याच. उपचार सोडून गावाकडं निघालेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलं का, ती पोरगी उठली! तुम्ही बी उठताल." तो माणूस थांबला, गं.

आज त्या खण-नारळ घेऊन मंजुषाची ओटी भरायला येतायत. मी त्यांना स्टँडवरच गाठून खरं सांगायला चाललोय. काल फोनवरही तेच सांगणार होतो, पण "या की, आई पुरणपोळ्या करतेय" म्हणून बसलो. त्यामुळं मी त्यांच्यासोबतच दारात दिसलो, तर मी सांगितलेलं नाही असं समज आणि तू सांग. तेव्हा माझ्याकडं बघू नकोस.

भिंतीवरचा मंजुषाचा हार घातलेला फोटो मघाशी कपाटात लपवला होता. मग तिचीच लई लाज वाटली, परत टांगला.

तरी सौ. मंजुषा सुदर्शन हिला आज दुपारपुरतं, फक्त ओटी भरून घेण्याकरिता, घरी येण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.

तुझा,
सुदर्शन