टाचण्या काढून हस

५ जुलै

चि. घुम्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वहिनीचं पत्र वाचलं. गिऱ्हाइकाच्या कोटाला टाचण्या लावताना तुझ्या तोंडातल्या टाचण्या एका बाजूने गळल्या, जीभ अडखळली आणि तासाभरात सगळं पूर्ववत झालं. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आठवडाभरात बंद केल्यास म्हणे! अरे शहाण्या, त्या पुन्हा अर्धांगाचा झटका येऊ नये म्हणूनच आहेत. मीठ कमी कर, तंबाखू सोड.

आणि रोज सकाळी वहिनीकडे बघून हस. चेष्टा नाही. तोंड वाकडं झालं तर तिला लगेच कळायला हवं. जन्मभर ओठांत टाचण्या धरून बसलास, तुझं हसू कुणी पाहिलंय?

जीव टांगणीला लागलेली,
ताई

२८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोळ्या सुरू केल्या. अळणी जेवण घशाखाली उतरत नाही, तंबाखूविना दुपार सरत नाही. वीट आलाय. हसतो मात्र रोज. पहिल्या दिवशी हिने विचारलं, दाढ दुखतेय का? आता तीही हसते. दिवसात तेवढंच काय ते बरं.

ती फार दमते गं. माझं वेगळं रांधायचं, वर दुकानातली काजं-बटणं तिच्याकडेच. तूही रक्तदाब तपासून घे, असं तिला म्हटलं, तर म्हणाली, मला काय धाड भरलीय? मीही जोर केला नाही.

लोभ गोळीसारखा रोज मिळावा.
तुझा घुम्या

६ ऑगस्ट

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

बाई धाड भरलीय का विचारते, तेव्हाच तिला तपासावं. ऐकत नसेल तर ओढत ने.

ताई

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. एक दिवस उशीर झाला.

परवा सकाळी मी हसलो. तीही हसली, पण अर्धीच. उजवी बाजू जागची हलेना. काही झालं नाही असं म्हणायला गेली आणि शब्द घसरले. तसंच तिला गाडीत घातलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, इतक्या लवकर कळलं कसं? जिच्याकडे तीस वर्षं धड मान वर करून पाहिलं नाही, तिचं हसू या महिन्याभरात पाठ झालं होतं.

जीव वाचला. हात अजून साथ देत नाही. रक्तदाब म्हणे कधीचाच वाढलेला. ताई, मी थकलोय आणि फार घाबरलोय.

आज तिच्या खाटेशी उभा राहून हसलो. तिनेही प्रयत्न केला. वाकडंच झालं, पण तिचंच होतं.

टाचण्या आता दुकानातल्या छोट्या उशीत खोचून ठेवतो. तोंड मोकळं लागतं.

तुझा घुम्या