ओळखा, हात कुठल्या गावचा

४ ऑक्टोबर, शनिवार

आठशे लाल बदाम! पंख्याच्या व्हिडिओला. अंकितानं चहाच्या आधीच फोन माझ्या नाकासमोर धरला.

नात माझी, धंदा तिचा — साताऱ्यात लोकांची घरं साफ करून द्यायची. चार बायका कामाला. पोरीला वाटायचं चकचकीत फरशी दाखवली की गिऱ्हाईक पळत येतं. वर्षभर फरशी दाखवली, कुत्रं फिरकलं नाही. मी म्हटलं, "फरशी काय बघायची? माणसाला बोलणी खायला आवडतंय." मग माझा आवाज लावला. "पंख्यावर एवढी माती हाय, मेथी पेरली तर उगवंल! शेवटचा कवा पुसला? खरं सांगा!"

आणि लोकांनी खरं सांगितलं! एक म्हणतो लग्नात. एक म्हणते, नवरा पुसणार म्हणून थांबलेय, सहा वर्षं झाली.

माझा आवाज ऐकून भाजीवाली आज म्हणाली, "तुमी त्याच आज्जी न्हवं?" दोन लिंबं जादा घातली. मी नको म्हटलं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

नवी युक्ती, माझीच. बायका तोंडाला स्कार्फ बांधून काम करतात. म्हटलं, नुसता हात दाखव, घासताना. आणि विचार — ओळखा, हा हात कुठल्या गावचा? पहिलं बरोबर सांगेल त्याच्या घरचे पंखे फुकट पुसून. आपल्या गावाचं नाव लिहिल्याशिवाय माणूस गप बसतंय काय!

अंकिता हरखली, पण लगेच बोट वर. "आज्जी, त्या बाईला विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही. हे पहिलंच सांगते." म्हटलं, बरं बाई.

पहिला हात आक्काताईचा. कवठे महांकाळची, बोलायला माझ्यापेक्षा तिखट. "घ्या की! हात हाय माझा, सोनं न्हाई," म्हणाली. संध्याकाळपर्यंत साडेतीनशे गावं आली. वाई, कराड, तासगाव, एक तर दुबई!

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज एक केलं. लिहून ठेवते, दुसरं कुणाला सांगायचं!

रेश्मा रहिमतपूरची. रोज एसटीनं येते. नवरा उदयसिंह मिलिटरीत, सासरा रिटायर हवालदार. घरी सांगितलंय, दवाखान्यात केसपेपर लिहायचं काम आहे. दोन वर्षं झाली. आमच्याकडं येऊन साडी बदलते, जाताना साबणाचा वास जाईपर्यंत हात धुते. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर नाही — घरच्याच कडबाकुट्टीच्या मशिनीत गेलं.

तरी चौघींत तिचाच हात चालतो. शेगडीवर असा फिरतो, बघत राहावं.

तिला म्हटलं, हातमोजा काढ, तुझा घेते. "नको आज्जी. माझं बोट अख्खं रहिमतपूर ओळखतंय," म्हणाली. मी म्हटलं, राहू दे.

दुपारी शाहूनगरच्या घरात तिनं बर्नर घासायला मोजा काढला. मी मागं उभी. फोनवरचं लाल टिंब दाबलं. तिला कळलं नाही.

अंकितानं विचारलं, "रेश्माताई हो म्हणाल्या?"

"व्हय म्हणाली," मी म्हटलं.

एवढं सोपं निघालं तोंडातून.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बदाम तीन हजार. गावांची नावं मोजायची सोडली. आनंद व्हायला पाहिजे. जेवण गेलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी कुणी लालासाहेब म्हणून. त्यानं लिहिलं — "रहिमतपूर. आमच्या उदयसिंहाच्या मंडळींचा हात हाय. वैनी, दवाखाना कुठं गेला?" आणि पुढं हसून डोळ्यात पाणी आलेली दोन तोंडं.

अंकितानं खालची ओळ वाचायच्या आधी वरचा शब्द वाचला. आणि लिहिलं — "बरोबर उत्तर! अभिनंदन! तुमचे पंखे आमच्याकडून फुकट!"

उदयसिंहाचा चुलतभाऊ तो. अख्ख्या भावकीत व्हिडिओ फिरवला. अंकितानं दुपारी काढून टाकला. काढून काय होतंय! बघायचं त्यांनी बघितलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रेश्मा आली नाही. फोन बंद.

अंकिता तिच्या वाटणीची दोन घरं स्वतः करून आली. रात्री गुडघ्याला बाम लावत बसली. मी बाम धरून दिला. तेवढंच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आक्काताईनं पिशवीतनं फडकी काढता काढता आवाज टाकला, "अंकिता, रेश्मा व्हय म्हणणार न्हाई गं. मेली तरी न्हाई. येताना गावातली ओळखीची बाई दिसली तर एसटीत सीटखाली वाकायची ती."

अंकिता माझ्याकडं वळली. "आज्जी?"

मी उसळले. "माझ्यावर इस्वास न्हाई का? कालच्या पोरी तुमी!" आवाज चढवला की खोटं झाकतं, हे मला जन्मापासून येतं.

"मी रेश्माताईंना विचारणार आहे," अंकिता म्हणाली. "आणि खोटं निघालं ना आज्जी, तर तू गावाला बाबांकडं जायचं. माझ्या धंद्यात असलं नको."

बाबा म्हणजे माझा थोरला. त्याच्याकडं मी चार वर्षं काढली. सकाळी खाटेवर बसवायची, संध्याकाळी उठवायची. सून चांगली आहे, पण मला तोंडातनं शब्द काढू देत नाही. इथं मी माणसात आले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अंकिता कामाला गेल्यावर एसटी धरली. रहिमतपूर. मनाशी म्हटलं, अंकितानं विचारायच्या आधी रेश्माच्या घरी आपणच खरं सांगून मोकळं व्हावं.

सासू बनुबाई सोप्यात तांदूळ निवडत होती. सासरा हंबीरराव खुर्चीत ताठ, जसा काय अजून ड्युटीवर. रेश्मानं पाणी दिलं. वर बघितलं नाही.

हंबीरराव म्हणाला, "मावशी, दुसऱ्याचं संडास घासायला आमची सून? आन् वर जगाला दाखवायचं?"

"माझी नातबी घासतीया," मी म्हटलं.

"ती मालकीण हाय. तुमी घासलाय कवा?"

मी नुसती बोलते. ब्रश कधी धरला नाही.

बनुबाई सुपातनं नजर न काढता बोलली, "काम केलं ते केलं, मावशी. दोन वरसं एसटीनं जायाची, थकून यायाची, मला का कळत न्हवतं? हात बघून कळतंय बाईचा. पर पुढं होऊन हात दाखवला असंल, तर मग न्हाई पाठवायची. नकळत कुणी काढला असंल, तर दिवाळी झाल्यावर मी ह्यांची समजूत घालीन." मग माझ्याकडं बघितलं. "कसं झालं ते?"

तिनं दार उघडं ठेवलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं — मी चोरून काढला.

मी म्हटलं, "आजकालचं फोन... काय कळतंय आपल्याला."

हंबीररावाकडं अंकिताचा नंबर असणार. तो आज ना उद्या फोन करून तिला सांगणार. म्हणून.

चहा घ्यायला आत गेले. रेश्मा चुलीशी. हळूच म्हणाली, "आज्जी, मी नको म्हटलं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मग?"

"तुझा हात लय छान चालत हुता." काय बाई बोलले! पण खरं तेच होतं.

तिनं दूध उतू जाताना फुंकर घातली. मग विचारलं, "अंकिताला ठावं हाय?"

"न्हाई. कळलं तर मला पोराकडं धाडंल. खाटेवर बसून राहायला."

सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात बसून राहायचं म्हणजे काय, ते हिला सांगायला नको. मला वाटलं शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तिनं चहात साखर किती, ते विचारलं.

एसटीत खिडकीशी बसले. तिकीट मागितलं, तर आमचा व्हिडिओ बघणारी एक पोरगी आवाज ओळखून हसली. मी तोंड पदरात घेतलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नवीन व्हिडिओला आवाज दे म्हणाली अंकिता. मी म्हटलं, घसा बसलाय. घसा बरा आहे.

दुपारी मोरी घासली. आमचीच. कमरेत उसण भरली. याचा काही उपयोग नाही, मला कळतंय. उद्या सांगते अंकिताला. सकाळीच.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सांगितलं नाही.

जेवताना अंकिता म्हणाली, बनुबाईंच्या फोनवर फोन लागला. स्पीकर चालू होता, सासू-सासरे दोघं ऐकत होते. "रेश्माताई म्हणाल्या, मीच हो म्हटलं होतं, मीच हात पुढं केला. मग मागनं सासऱ्यांचा आवाज आला, आता कामाला पाठवायची नाही, विषय संपला म्हणून. फोन ठेवला." पोरीचे डोळे भरले होते. "आज्जी, मी तुझ्यावर उगाच संशय घेतला. माफ कर मला."

बोलायला तोंड उघडलं. त्यात घास घातला.