दमल्या का, बाई?

रविवार, १६ मार्च २०२५

आलो एकदाचे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं शहनवाजच्या मोटारसायकलवर. पुढे टाकीवर पिशव्या, मध्ये आमची लेक मन्तशा, मागे मी आणि माझ्या मांडीवर गादीची वळकटी. पौड मागे पडलं, धरणाचं पाणी दिसायला लागलं, तशी मन्तशा गाणी म्हणायला लागली. मलाही म्हणावीशी वाटली, पण तोंडाला रोजा होता आणि नवरा ऐकत होता.

समीक्षाबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणून ईदपर्यंत इथल्या वाडीवरच्या शाळेत माझी कामगिरी लागली. घोटावड्याहून रोज ये-जा करायची तर अर्धा जीव रस्त्यातच जाईल, म्हणून खोली घेते, असं मी घरी सांगितलं. खरं कारण निराळं. चार दिवस मला कुणाच्या चहासाठी उठायचं नव्हतं. आमच्या सासूबाई, जैनबबी, मनाने वाईट नाहीत, पण त्यांचं एक काम संपायच्या आत दुसरं तयार असतं. शाळा, घर, पुन्हा शाळा. लग्न झाल्यापासून मी दमलेलीच आहे. शहनवाज दुपारच्या पाळीला परत गेला तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, ते काही वाटलं नाही.

घर धुळाजी आणि तानूबाई या धनगर जोडप्याचं. दोघं आता खाली स्लॅबच्या घरात राहतात आणि शेळ्यामेंढ्या सांभाळतात. हे वरचं जुनं दगडमातीचं घर रिकामंच होतं. एक लांब खोली, कोपऱ्यात जातं, वर पत्रा. पुढचं दार वाडीकडे, मागचं कड्याकडे, अगदी समोरासमोर. कोणत्याच दाराला कडी नाही. रात्री आतून आडवा लाकडी आडणा घालायचा, दिवसा दार उघडं राहावं म्हणून काथ्याने खुंटीला बांधायचं.

तानूबाईंनी घर दाखवता दाखवता सांगितलं की शिमगा झाला की इथे वारं सुटतं. ते पडेपर्यंत दोन्ही दारं उघडी ठेवायची, नाहीतर दोन्ही बंद. एक उघडं, एक बंद, असं करायचं नाही. “घरात आल्यालं वारं वाटंला लागलं पायजे,” म्हणाल्या. मी मान डोलावली. प्रशिक्षणांना बसून बसून माझी मान आता आपोआप डोलते.

जाताना उंबऱ्यात थांबून त्यांनी विचारलं, “दमल्या का, बाई?” इतक्या मायेने मला हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, फार दमले हो. त्या हसून बरं झालं म्हणाल्या आणि गेल्या. त्यात बरं काय झालं, ते मला कळलं नाही.

सोमवार, १७ मार्च

शाळा सकाळची आहे. पोरं गोड आहेत, पटावर मोजकीच. मन्तशा पहिलीच्या ओळीत बसली आणि मला सगळ्यांसारखं ‘बाई’ म्हणू लागली.

दुपारी वारं सुटलं. सुटलं म्हणजे कसं, तर गाडी अंगावर यावी तसं. कड्यावरून खाली येतं, मागच्या दारातून आत, पुढच्या दारातून बाहेर. पत्रा धडधडत होता. वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका मी मांडी घालून काढत बसले होते, त्या करवंदीच्या जाळ्यांत जाऊन अडकल्या. त्या वेचताना ओढणी फाटली. इफ्तारीच्या खजुरांत माती, भज्यांत माती. मन्तशाला खोकला लागला तो झोपेपर्यंत थांबला नाही.

संध्याकाळी तानूबाई पाणी घेऊन आल्या. दमल्या का, म्हणाल्या. हो म्हटलं. दोन दिवस शेळ्या घेऊन पलीकडच्या माळावर जाणार आहोत, दारांचं ध्यानात ठेवा, म्हणाल्या. बाहेर जाताना दोन्ही चौकटींना हात लावून गेल्या.

मंगळवार, १८ मार्च

रात्रभर पोरगी खोकली, त्यामुळे मीही जागी. पहाटे सहेरीला उठले तेव्हा डोळ्यांत वाळू असल्यासारखं होत होतं.

दुपारी शाळेतून येताना खिडक्यांच्या काचांना लावायची पांढरी लांबी आणली. तिथे उरलेली होती. मागचं दार लोटून आडणा घातला, वर एक आडवी फळी ठोकली, फटींत कागदाचे बोळे कोंबले आणि वरून लांबी भरली. हातोडी मला चालवता येते, शहनवाजला नाही येत. पुढचं दार मात्र उघडं ठेवलं. पत्र्याखाली दोन्ही बंद करून बसलं तर माणूस भाजून निघेल.

तानूबाईंचं बोलणं आठवलं होतं, नाही असं नाही. पण पोरीचा खोकला मला ऐकवत नव्हता. वारं पुढच्या दारातून थोडं थोडं येत राहिलं. धूळ नाही, कागद जागच्या जागी. इफ्तारीनंतर मन्तशा शांत झोपली. एवढं साधं काम इथल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या सुचू नये याचं हसू आलं.

बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. पोरांनी मला आणि मन्तशाला गुलालाने माखलं. घरभर तिची लाल पावलं उमटली. पुसायचा कंटाळा केला.

संध्याकाळी मगरीबची नमाज झाल्यावर पुढचं दारही लावून घेतलं. म्हणजे दोन्ही बंद. तरी भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. मला वाटलं पत्र्याखालून झुळूक येत असेल. कंदिलाची काच काढून ज्योत पाहिली, तर ती वरून दबत नव्हती, जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्याने वाकत होती. मग फरशीवरचा गुलाल हलायला लागला. दारापाशी एक लहानशी वावटळ उठली, खोलीच्या कडेकडेने फिरली, जात्याला वळसा घालून आली आणि आमच्या अंथरुणाभोवती गोल गोल फिरत राहिली. मन्तशा माझ्याजवळ झोपलेली होती. मी तिला छातीशी घेतलं आणि आयतुल कुर्सी म्हणत बसले. बऱ्याच वेळाने ते थांबलं. गुलालाचं कडं अजून तसंच आहे.

दमल्यावर माणसाला काहीही दिसतं. पण मन्तशाच्या भोवती ते का फिरावं, हा विचार जात नाही.

गुरुवार, २० मार्च

आज नवल झालं. सहेरीला गजर व्हायच्या आत उठले. भांडी, कपडे, पाणी, सगळं आटोपून शाळेत गेले. पोरांबरोबर लंगडी खेळले. उपास आहे हे आठवावं लागत होतं. घरी आले, पडले नाही. उरलेल्या प्रश्नपत्रिका काढून टाकल्या. किती वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. रमजानची बरकत म्हणतात ती हीच असावी.

मन्तशावर मात्र लक्ष ठेवून आहे. तिचा झगा बसल्या जागी हलतो का, केस उडतात का, बघत राहते. नाही हलत. कंटाळते, झोपते, चिडते, जेवताना पेंगते. सगळं नेहमीचं.

तानूबाई माळावरून आल्या. दमल्या का, बाई? मी म्हटलं, नाही, आज मुळीच नाही. त्यांनी डोक्यावरची घागर खाली ठेवली. हसल्या नाहीत. माझ्या खांद्यावरून आत बघितलं, मागचं दार, फळी, लांबी. मग पोरीला आमच्याकडे झोपायला पाठवता का, म्हणाल्या. मला राग आला. माझी पोरगी माझ्याजवळच झोपेल, म्हटलं. त्या माझ्याकडे बघत बसून राहिल्या. पोरीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

लिहिते आहे कारण लिहिलं की डोकं जागेवर राहतं.

शाळेतून येताना उतारावर वारं आलं आणि माझे पाय सुटले. घसरले नाही. जमीन खाली राहिली. मन्तशाने ओढणी धरली आणि मी करवंदीची जाळी. काटे रुतले, ते दुखले नाहीत.

घरी येऊन फरशी पाहिली. परवाचा गुलाल तसाच. मन्तशाची पावलं सगळीकडे आहेत. माझं एकही नाही. मी याच खोलीत तीन दिवस वावरते आहे.

तानूबाई आणि धुळाजी दोघंही आले. आधी पुढचं दार लावून घेतलं. मग तानूबाईंनी त्यांच्या थोरल्या जावेची गोष्ट सांगितली. तान्हं मूल होतं, त्याला वारं लागू नये म्हणून तिनेही मागचं दार बुजवलं. आत आलेल्याला वाट मिळाली नाही, ते तिच्यात राहिलं. चार दिवस ती दमेनाशी झाली. सगळ्या वाडीचं दळण दळायची. “आदी ते दमणूक खातं. मग वजन खातं. मग न्हेतं,” म्हणाल्या. मी विचारलं, दार उघडलं तर जाईल ना? धुळाजी म्हणाले, “पयल्या दिशी गेलं आसतं. आता तुमास्नी घिऊन जाईल.” उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. वारं पडेपर्यंत बंद घरात राहायचं आणि अंग मोडेल असं काम करायचं. त्याला खायला दमणूक आहे तोवर मी आहे.

मन्तशाला का मागता, मी विचारलं. तानूबाईंनी खाली बघितलं. जाऊ गेली ती एकटी गेली नव्हती. मूल कडेवर होतं.

पोरगी दिली. ती रडत गेली. मी रडले नाही, रडायलाही दमावं लागतं.

शनिवार, २२ मार्च

दळते आहे. धुळाजींनी नाचणीचं पोतं आणून दिलं. सकाळपासून जातं थांबलं नाही. खुंटा गरम झाला, तळहाताला फोड नाही. घाम नाही. पीठ खाली पडत नाही, माझ्याभोवती फिरत राहतं.

शहनवाजचा फोन. म्हणाला, उपाशीपोटी वेडी झाली आहेस, उद्या पाळी संपली की येतो. सासूबाईंनी फोन घेतला, तू नाहीस तर घर ओस पडलंय म्हणाल्या. सासूबाई, मला बोलवा. मला सगळ्यांचा चहा करायचा आहे. रात्री पाठीत कळ येऊन मला कण्हत झोपायचं आहे. माझी दमणूक माझी होती, ती मला परत पाहिजे.

तानूबाई दारापलीकडून विचारतात, दमल्या का? मी खरं सांगते. त्या तिथेच बसून राहतात.

कमरेला एका मोडक्या जात्याची दगडी तळी दोराने बांधली आहे. बसले की ती वजनाने खाली ओढते — ओढत होती, सकाळी.

रविवार, २३ मार्च

नखांत पांढरं आहे. लांबी. मी कधी खरवडली — मी दळत होते.

मागची फळी एका खिळ्यावर आहे.

वारं बाहेर. आणि आत. दोघं एकमेकांना ओळखतात, पत्रा एकाच वेळी धडधडतो —

पुढच्या दाराशी मन्तशा आली आहे. तिचाच आवाज. तानूबाई शेळ्या वळवायला गेल्या असतील, ही निसटली. दार उघड म्हणते. मी पुढचा आडणा धरून उभी आहे. उभी म्हणजे — तळी खाली पडली आहे, दोर तुटलेला नाही, मी त्यातून —

तिने विचारलं. त्यांच्यासारखंच, तसंच थांबून. “अम्मी, दमलीस का?”

हो म्हटलं. फार दमले, बाळा, झोपू दे. खाली जा.

ती हसली. बरं झालं म्हणाली. पण गेली नाही. फटीतून बोटं घातली आहेत, आडण्याला. इवलीशी बोटं, अजून लाल आहेत. माझे हात तिला उचलायला निघालेत, मी त्यांना सांगते, नको — ती आत आली तर मी तिला कडेवर घेणार, मला माहीत आहे मी घेणारच —

तिने हे दार उघडायच्या आत मला मागचं —

खिळा हाताने निघतो आहे. मन्तशा, जा. अम्मी खूप दमली आहे, खूप द