बिनहाडाचं मटण

५ जानेवारी २०२५, रविवार
आज फार आनंद! नात चैताली लग्न होऊन सदाशिव पेठेत गेली त्याला सात महिने झाले, अजून माझ्याकडे जेवायला आली नाही. कसब्यातून चालत वीस मिनिटं. आज कारण कळलं. म्हणाली, आजी, आमच्याकडे मटण चालत नाही गं, तुझ्या घरात शिजतं ना. एवढंच? आजपासून या घरात मटण बंद. मलासुद्धा. चौथी शिकले, पण शब्दाची पक्की.

९ जानेवारी
मॉलमध्ये झाडाचं मटण मिळतं! सोया आणि वाटाण्याचं, पाकिटावर हिरवा ठिपका. दुकानातली पोरगी म्हणाली, आजी, टेस्ट सेम. तू मटण खाल्लंयस का विचारलं, तर नाही म्हणाली.

१२ जानेवारी, रविवार
केलं. खोबरं, कांदा भाजून, काळा मसाला घालून. वास अगदी तोच. तुकडा ओल्या पायपुसण्यासारखा लागतो, होईल सवय. शेजारची मुक्ताई चाखून म्हणाली, इंदुबाई, रस्सा झकास, आतलं तेवढं काढून टाका. जळते मेली.
एकच कमी, यात नळी नाही. चैतालीची आई गेल्यावर पोर माझ्याच ताटात जेवायची. नळी ताटावर आपटून आपटून चोखायची, अख्खी आळी गोळा व्हायची.
फोन केला. आज जमत नाही म्हणाली. बरंच झालं, अजून हात बसायचाय.

२३ जानेवारी
चैताली म्हणाली, भांडी तीच ना पण. पोर किती हुशार, माझ्या लक्षातच आलं नव्हतं! नवं पातेलं, पळी, सहा ताटं आणली. जुनी सगळी मुक्ताईला दिली. चैतालीच्या बारशाचं पातेलं देताना जरा हात अडला. असो. आता कारणच उरलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
आली नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतायत. बिचारीला किती काम! तिघांचा रस्सा आहे, पुरवून खाईन.

९ फेब्रुवारी, रविवार
मुक्ताईच्या राकेशने मोबाईलवर फोटो दाखवला. चैताली आणि नातजावई अनिरुद्धराव, हॉटेलात, पुढ्यात तांबडा रस्सा. मी म्हटलं, हॉटेलातसुद्धा मिळतं हो आता झाडाचं. मुक्ताईने माझा चष्मा हातात दिला. तो लावून परत पाहिलं.
चैतालीच्या हातात नळी. अनिरुद्धराव हसतायत, त्यांच्या ताटात दोन.

१० फेब्रुवारी
झाडाच्या मटणाला हाड नसतं.
म्हणजे मटण चालतं त्यांना. मग चालत नव्हतं ते काय, ते लिहीत नाही.
फ्रीजमध्ये दोन पाकिटं आहेत. नव्या पातेल्याचं स्टिकर नीट निघालं नाही, घासत बसले होते.
संध्याकाळी चैतालीला फोन केला. रविवारी येतेस का, असं विचारलं नाही. नीट जेवतेस ना, एवढंच विचारलं.
हो गं आजी, म्हणाली.